टाइम प्लीज

इंदिरानगर, नाशिक
१३ नोव्हेंबर २००६

चि. दीपक,

मामाचा आशीर्वाद, घेणार असशील तर. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून पत्र.

इकडे सगळे बरे. तिकडे देवळ्याला लाल कांदा निघाला का? ताईचे गुडघे काय म्हणतात?

काल दहा वर्षांनी शिट्टी गळ्यात घातली. बारा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉलची मॅच. मंडळाला पंच मिळेना, तेव्हा माझी आठवण झाली. जुनी हाफ पँट मांडीवर अडकली. तुझी मामी म्हणाली, "धोतर नेसून जा." बॉल एका टोकाला आणि मी दुसऱ्या, अशी सगळी तऱ्हा.

पोरं परवडली रे, पण त्यांचे आईबाप! एक बाई खेळ चालू असताना मैदानात शिरल्या आणि मुलाला पाणी पाजून परत गेल्या. एक गृहस्थ तासभर मला ऑफसाइड शिकवत होते. शेवटी विचारलं, "तुमचा मुलगा कुठला?" तर म्हणे, "माझा कोणी नाही, मी दूध आणायला निघालोय." डोकं नुसतं भणभणत होतं.

शेवटी शेवटी एका गोलकीपरच्या बुटाचा तळ निघाला. त्याने मूठ ओठांना लावली आणि ओरडला, "टॅम्प्लीज!" समोरून पोरगा बॉल घेऊन येत होता. मी शिट्टी मारली. मग काय विचारतोस! "कुठल्या नियमात बसतं हे?" सगळे माझ्या अंगावर. कुठल्याच नियमात बसत नाही, मला माहीत आहे. पोराने सुतळीने बूट बांधला, उभा राहिला, आणि पुढच्याच मिनिटाला गोल खाल्ला. पण उभं राहून खाल्ला.

आता तुला कळलंच असेल मी कुठे येतोय.

शहाण्णव सालची तुमच्या शाळेची फायनल, गोलमध्ये तू, पंच मी. तुझ्या चड्डीची नाडी तुटली होती. एका हाताने चड्डी धरून, दुसरी मूठ ओठांना लावून तू "टॅम्प्लीज, मामा!" म्हणालास. त्यांनी गोल मारला, मी दिला. नंतर शाळाभर तुझं नावच टॅम्प्लीज पडलं, आणि तू पुन्हा बॉलला पाय लावला नाहीस. ताईला मी सांगितलं, गलक्यात ऐकू आलं नाही. दहा वर्षं तेच सांगतोय.

मी ऐकलं होतं, दीपक. शिट्टी ओठांत होती. पण त्याआधी अर्धा तास समोरचे लोक ओरडत होते, "पंच मामा आहे, भाच्याला जिंकवणार!" मी घाबरलो. लोकांना दाखवायला भाच्यालाच मामा बनवलं. त्यानंतर शिट्टी मारायची लाज वाटायला लागली, म्हणून सोडली. माझे गुडघे दुखतात म्हणून सोडली असं सगळ्यांना सांगायचो, ते सब झूठ.

लग्नाची पत्रिका ताईने पाठवली. मंगलाष्टकांना तुझ्या मागे मामा म्हणून पुंजारामदादाला उभं करणार आहेस, असं कळलं. चुलत असला तरी मामाच तो. मला फार लागलं, पण बोलायला तोंड नाही.

मी येणार. मागच्या खुर्चीत बसेन. आयत्या वेळी वाटलंच, तर मामा म्हणू नकोस, जड जाईल. नुसती मूठ ओठांना लाव. मी उठून येईन.

तेव्हाही ऐकू आलेला,
नाथामामा