सिन्नरकर पद्धतीने पेटीवादन

४ मार्च १९३६, दुपार
आजपासून रोज लिहायचं. नाटक कंपनीने शाळेला दिलेली पायपेटी लिहायला फर्स्टक्लास. वर चादर टाकली की टेबल तयार. लिहिताना पाय हलवायची माझी सवय. खालच्या फळ्या दाबल्या की पोटऱ्यांना वारा लागतो.
गायनाच्या वर्गात नवी मुलगी, खुर्शीदा. विणकर निसारभाईंची. डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच. हट्ट पेटी शिकायचा. पण हातपेटीला एक हात भात्याला, एक पट्ट्यांना. हेडमास्तर म्हणाले, नुसती बसू द्या तिला. पोरगी रडली. माझं डोकं फिरलं. गॅदरिंगला तीच वाजवील, असं सांगून मोकळा झालो.
पद्धत शोधायची बाकी आहे. नाव ठरलं, अर्थात माझंच: सिन्नरकर पद्धत.

९ मार्च
हातपेटीच्या भात्याला दोरी, दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. 'ग'पर्यंत झकास. मग मला शिंक आली. पेटी पालथी, अंगठा सुजला. दोरी हलक्या प्रतीची.

१५ मार्च
दोरी शिपाई सावळीरामच्या बकरीला बांधली. कल्पना पूर्ण शास्त्रीय. 'म' लागताच बकरी उधळली, पेटी फाटकापर्यंत गेली. बकरीला संगीताचं अंग नाही.
खुर्शीदाने विचारलं, गुरुजी, पायाने नाय का होणार? समजावलं की पायाने नाच होतो, गायन नव्हे. मुलांच्या शंका!

२२ मार्च
झोपाळ्याला भाता जोडला. मी स्वतः झोके घेतले. सूर निघाला! नेमके हेडमास्तर समोर दारात आले. त्यांचा चष्मा गेला. गॅदरिंगच्या यादीतून खुर्शीदाचं नाव काढणार म्हणतात. दारात उभं राहायची काय गरज होती?

२३ मार्च
काही सुचत नाही. पाय मात्र जोरात चाललेत. वारा छान.

तोच दिवस, संध्याकाळी
खुर्शीदा नाव काढलं का विचारायला आली. माझ्या पायांकडे बघत राहिली. वरचा माझा जेवणाचा डबा बाजूला केला, चादर उचलली आणि उजव्या हाताने पट्टी दाबली. खणखणीत सा.
म्हणाली, गुरुजी, पाय थांबवू नका ना.
सूर ऐकून आलेले हेडमास्तर हसता हसता खाली बसले.

५ एप्रिल
गॅदरिंग झालं. खुर्शीदाने एकटीने वाजवलं. पाय तिचेच, फळ्यांना पुरले. टाळ्या थांबेनात. निसारभाई माझा हात धरून म्हणाले, मास्तर, अल्लाची मेहेरबानी. मी म्हटलं, थोडी माझीही. मग मलाही रडू आलं. चादरीनेच डोळे पुसले.
पायपेटी आता वर्गात असते. मांडीवर लिहितोय. अक्षर वाईट येतंय, आणि फार उकडतंय.