दुकानात मिळालेली ओ

रेव्हरंड,

मी गाण्याच्या तालमीला चर्चमध्ये चालले आहे. मक्याचा कॉर्नब्रेड ओव्हनमध्ये आहे. कपाटावरचा जुना, जड अ‍ॅम्प्लिफायर मीच आणलाय. चिडू नका, स्वस्तात मिळाला.

अ‍ॅम्प्लिफायर पारखायला दुकानात तुमच्या ईस्टरच्या प्रवचनाची कॅसेट नेली होती. दुकानदार सारखी सुरुवातच लावायचा. मी म्हटलं, "बाबा रे, शेवट लाव. आमचे हे शेवटी बोलत नाहीत, गातात." याहून स्वस्त दोन अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज तिथेच फाटला. या जुन्यावर मात्र तुम्ही सूर चढवलात आणि नेहमीसारखे थांबलात. पूर्वी चर्चमध्ये बायकांच्या हातातले पंखे थांबायचे, तसं अख्खं दुकान थांबलं. मागे वायरी चाळणारा एक अनोळखी म्हातारा, चर्चमध्ये लोक तुम्हाला ओ द्यायचे तसा ओरडला, "बोला, रेव्हरंड!" मी हाच बांधून घेतला.

त्यावर क्रोशाचा रुमाल घालू नका, तो तापतो.

ऑपरेशनात आवाज गेल्यापासून तुम्ही त्या कॅसेटना हात लावलेला नाही, मला ठाऊक आहे. आज लावा. तुम्ही थांबता तिथे कुणीतरी ओ द्यायला हवी. घरात तुम्ही एकटेच असाल, तर टाळी वाजवा.

तुमची,
ओझेला