धक्क्याच्या कोपऱ्यावरचे अकरा जण

प्रिय बारक्या,

हे पत्र आईच्या डब्याच्या पिशवीत घालून पाठवतेय. तिला वाटतंय, बहीण-भाऊ आता गोड होणार. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आज सकाळपासून स्वारी खुशीत आहे, पोरींना न मागता दुसऱ्यांदा वाढतेय म्हणे. वाढू दे. तू मात्र हे न वाचता फाडू नकोस. सात महिने माझ्याशी बोलला नाहीस, बरोबरच केलंस. पण आता मी अगदी टेकीला आलेय रे.

नदीकाठचा तो चौपदरी रस्ता विद्यापीठाच्या नव्या इमारतींसाठी मीच आखला, हे तुला मी काय सांगायचं! लाँचमधून उतरलेल्या माणसाला तो ओलांडल्याशिवाय वर्गात जाता येत नाही, आणि ओलांडायला ना सिग्नल, ना पट्टे. मंगळवारी पहिल्या वर्षाची एक मुलगी तिथंच बसखाली आली. विद्यापीठाचीच बस. जीव वाचला, पण पाय गुडघ्यापासून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी लगेच ‘वाहने सावकाश हाका’ची पाटी लागली. बैल गेला अन् झोपा केला! आता परवा, सोमवारी, बैठक आहे. धक्क्यासमोर सिग्नल द्यायचा, की दुभाजकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी ठोकून टाकायची, ते त्यात ठरणार. जाळी झाली तर पुलापर्यंतचा वळसा कोण घालणार? लोक जाळीवर चढून येतील, आणि त्यांत आपली आईही असेल.

माझ्या टेबलावरून धक्का दिसतो. रोज पावणेआठला ती लाँचमधून उतरते, कडेला गुडघा चोळत उभी राहते, दोन गाड्यांच्या मधली फट हेरते आणि पिशवी छातीशी धरून धावत सुटते. बासष्टाव्या वर्षी! ती अलीकडे पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. रिक्षाने पुलावरून ये म्हटलं तर म्हणाली, माझ्या लेकीनं आखलेल्या रस्त्याला मी कशाला भिऊ?

रस्ता आखण्याआधी धक्क्यावर किती माणसं ये-जा करतात ते मोजायला मी तुला बसवलं, तो आठवडा मला रोज आठवतो. लाँच दुरुस्तीला काढली होती. तू कोपऱ्यावर स्टूल टाकून बसलास, मांडीवर तक्ते आणि त्याखाली तुझा तो कार्बन पेपर. सगळं जग फोनवर मोजतं आणि आमचा बारक्या अजून दुकानदारासारखा दोन-दोन प्रती काढतो, म्हणून मी ऑफिसभर तुझी चेष्टा केली होती. तू फोन करून म्हणालास, अगं ताई, लाँचच बंद आहे, मोजू कुणाला? आठवडाभर थांबूया. मला शुक्रवारी अहवाल द्यायचा होता. जे दिसतंय ते लिही, म्हटलं मी. तू लिहिलंस. पायी जाणारे : अकरा. त्यातही दोनदा तर तूच होतास, चहाला जाताना आणि येताना!

पुढच्या आठवड्यात लाँच सुरू झाली आणि तू कुणी न सांगता तीन दिवस परत जाऊन बसलास. रोजचे हजारावर निघाले. आईच्या रेघेशेजारी तू बारीक टिंब काढलं होतंस, ते मी पाहिलं. ‘मिळाले’ म्हणून दोन्ही प्रतींवर सही केली, ती तू एकदाचा जावास म्हणून. नकाशा तोवर वर गेला होता. एक सिग्नल वाढवला की बसच्या वेळांपासून सगळं नव्यानं मांडावं लागलं असतं, आणि माझी शोभा झाली असती. तू विचारलंस तेव्हा मी तुला आगाऊ म्हटलं. मोठी ना मी! तक्ते हरवले असं तुला सांगितलं, तेही खोटं. तू भांडून गेलास त्याच संध्याकाळी मी ते फाडले.

अपघातानंतर साहेबांसमोर सगळं ओकले. ते म्हणाले, कागद दाखवा. फायलीत अकरा आहेत, तर बैठकीत अकराच धरणार. पुन्हा मोजू म्हटलं तर मंगळवारपासून वर्ग बंद. वर मला समजावलं, गप्प राहा, तुमच्यावर काही येणार नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का, बारक्या? त्या मुलीच्या खाटेपाशी जाऊन आले. तिच्या आईनं मला ओळखलं नाही, बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुझ्या कार्बनच्या प्रती मला हव्यात. तू त्या टाकल्या नसशील, तू बसची जुनी तिकिटंसुद्धा टाकत नाहीस. सोमवारी अकरा वाजता बैठकीत त्या स्वतः मांड. आणि एक ऐक. मी तुला ओळखते, ऐनवेळी तुला माझी दया येईल आणि खालची माझी सही फाडून कागद पुढे करशील. तसं करू नकोस. सही-तारीख नसेल तर म्हणतील, पोरानं काल रात्री बसून रेघा ओढल्या. सही कुणाची म्हणून विचारतील, तेव्हा मी उभी राहीन. नोकरी गेली तर जाऊ दे. आईसोबतच पावणेआठच्या लाँचनं ये. मी रस्त्याच्या अलीकडे थांबलेली असेन. ओलांडताना तिचा हात धर, ती झिडकारेल तरी सोडू नकोस.

तुझीच, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई