आलिमाच्या वहीतले नमुने

१ फेब्रुवारी १९९९, सोमवार

पाय मोडले! पहाटेची एसटी, मग दिवसभर मुंबईत पायपीट. पण एकदाचं बुटीक बघितलं – एक नाही, सात.

जाणं भागच होतं. नुरजहाँभाभींच्या आफियाचं लग्न मे महिन्यात. अकरा ड्रेस शिवायचेत. भाभींनी स्पष्टच सांगितलं, बुटीकसारखं जमणार असेल तर बोला, नाहीतर आम्ही मुंबईला टाकतो. एक गिऱ्हाईक मुंबईला गेलं की तिच्यामागून सगळं महाड जाईल. मग मी काय, परकरांना नाड्या ओवत बसू? म्हणून आज माझ्या दुकानातल्या आलिमाला घेऊन गेले.

काय ती दुकानं! एवढी मोठी जागा आणि दांडीवर मोजून आठ कपडे. दारातली पोरगी आधी आमच्या चपलांकडे बघते, मग तोंडाकडे. लुंगीचा स्कर्ट बघितला – आपल्या बाप्यांची असते तीच चौकड्याची लुंगी! एक कुर्ता, त्याची एक बाही खणाची, दुसरी बांधणीची. मला तर वाटलं शिंप्याची चूक झाली असणार आणि हे लोक तीच फॅशन म्हणून खपवतायत. छत्रीच्या काळ्या कापडाचं जाकीट मात्र झकास. काड्यांची टोकं बटणं म्हणून लावलेली.

टेप काढला की पकडले जाणार, म्हणून ट्रायल रूममध्ये वितीनं आणि बोटाच्या पेरांनी मापं घेतली. बाहेर आलं की आलिमा ती वहीत उतरवायची. उर्दू शाळेत शिकलेली, त्यामुळे सगळं उर्दूत. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही.

शेवटच्या दुकानात अंगात घातलेल्या ड्रेसची चेन अडकली. घामाघूम होऊन बाहेर आले, तर दुकानाची मालकीण आणि आलिमा गुलुगुलु बोलत होत्या. मला बघितलं आणि दोघी गप्प. काय म्हणत होती, विचारलं. "काय नाय गो ताई, कापडाचं." कापडाचं बोलताना कोणी गप्प होतं का?

४ फेब्रुवारी

जुनी छत्री उसवून जाकीट बेतलं. आफिया ते घालून आरशासमोरून हलेना. अकराच्या अकरा ड्रेस आपल्याकडे!

खरं सांगायचं तर कटिंग माझं, पण जीव आणते आलिमा. तिची तुरपाई बाहेरून दिसतच नाही. अकरा वर्षं दासगावहून येतेय, एक दिवस उशीर नाही. तिच्या हातावाचून माझं दुकान चालायचं नाही. हे तिला कधी बोलून दाखवलं नाही. उगाच डोक्यावर बसायची.

१५ फेब्रुवारी, सोमवार

आलिमा एकटी मुंबईला गेली. कुर्ल्याच्या आजारी खालाला, म्हणजे मावशीला, बघायला म्हणे! अकरा वर्षांत ह्या खालाचं नाव ऐकलं नव्हतं. आमचं दुकान सोमवारी बंद, म्हणून विचारायची सोय नाही.

१६ फेब्रुवारी

विचारलंच. खाला बरी आहे. येताना दोन-तीन बुटीकं बघितली म्हणे, नवे नमुने आणलेत. आजारी माणसाला बघायला गेलेली बाई बुटीकं हिंडते होय?

२० फेब्रुवारी

दुपारी काज करता करता विचारते, "चारूताई, मी नसले तर तुरपाई कोण करील?"

मी म्हटलं, तू कुठे चाललीस? तर हसली. म्हणाली, "मी कुठं जाणार हाय?" ज्याला कुठे जायचं नसतं तो असं विचारतच नाही.

ह्यांना सांगितलं. हे कोर्टात कारकून, जन्म साक्षीपुरावे ऐकण्यात गेला. म्हणाले, तुझ्यापुढे सरकारी वकील झक मारतील, आता झोप.

८ मार्च, सोमवार

पुन्हा खाला!!

९ मार्च

आज स्वारी भलतीच खुशीत. गुणगुणते काय, माझ्यासाठी नानखटाई आणते काय. काही तरी पक्कं ठरलं की माणूस असा हलका होतो. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मी डोळे मिटलेले नाहीत.

११ मार्च

लिहू की नको? लिहितेच. इथे कोण बघतंय.

दुपारी आलिमा दोरे आणायला बाजारात गेली. वही मशीनवर राहिली. उघडली. सुरुवातीची चार-पाच पानं कोरीच – कागद वाया घालवायची हिला सवयच. मग दोन पानं नुसती लिहिलेली, त्यापुढे फ्रॉक, गळे, बाह्यांची चित्रं. भरतकामाचे छाप काढायचा बटरपेपर वर ठेवला आणि ती दोन पानं जशीच्या तशी गिरवून घेतली. कोपऱ्यात एक, दोन असे आकडे घातले, घोटाळा नको म्हणून.

चोरी म्हणा. पण अकरा वर्षांचं दुकान आहे माझं.

१३ मार्च, शनिवार

पोलादपूरला जाऊन आले. महाडात कोणाकडून वाचून घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत दासगावला पोचलं असतं. तिथे स्टँडजवळ तौकीर म्हणून घड्याळं दुरुस्त करणारा आहे, त्याला उर्दू येतं. एका गिऱ्हाइकाचे कागद आहेत, अशी थाप मारली. त्याने डोळ्यावरचं भिंग सारलं आणि मी देईन तसं एकेक वाचलं.

एक नंबर – बुटीकवालीला नाही म्हणून आले. मन शांत झालं. चारूताईला हे कळू द्यायचं नाही. कळलं तर ती मला जा म्हणेल.

मला किती बरं वाटलं! वाटलं, उगाच बिचारीवर संशय घेतला. तेवढ्यात त्याने दोन नंबर वाचला – बुटीकवालीने कामाला बोलावलंय. पगार चांगला, राहायला खालाचं घर आहे. विचार करून सांगते म्हटलं.

म्हणजे आधी नाही म्हणाली, आणि मग पुन्हा तिच्या दारात! मन फिरलं. माझे नमुने, माझं कटिंग, सगळं शिकून आता तिथे जाणार. आणि मला कळू द्यायचं नाही! कळलं तर मी जा म्हणेन, हेसुद्धा ठाऊक आहे बाईसाहेबांना.

तौकीरने भिंग काढलं. म्हणाला, "बाई, हे मापाचे कागद नाहीत." मी पैसे ठेवून निघाले.

१६ मार्च

झालं एकदाचं.

आज ती कामाला बसली तशी मी सरळ विचारलं, बुटीकमध्ये कधीपासून जातेस? पांढरीफटक पडली. मी म्हटलं, चारूताईला कळू द्यायचं नाही, हे कोणी लिहिलं?

मग म्हणाली, "माझी वही वाचून घेतलीस?"

मी म्हटलं, अकरा वर्षं मी साप पोसला. आणखीही पुष्कळ बोलले. एकदा जीभ सुटली की मला आवरत नाही. वाटलं होतं रडेल, शपथा घेईल. तर हातातला ड्रेस पुरा केला, गाठ मारली, दोरा तोडला. बोटातलं पितळेचं अंगुस्तान – सुई टोचू नये म्हणून घालतात ते – काढून माझ्यासमोर ठेवलं.

"इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं, ताई."

मी म्हटलं, जा. तर गेली.

१८ मार्च, पाडवा

गुढी उभारली. दुकानाचं कुलूप बदललं, तिच्याकडे एक किल्ली होती. मुहूर्त चांगला आहे म्हणतात.

नवीन मुलगी ठेवलीय. तुरपाई करते की गोणपाट शिवते कळत नाही.

२७ मार्च

चार ड्रेस उसवले. संध्याकाळी सवयीने दोन कप चहा सांगितला.

मी चुकले नाही. लिहिलेलं होतं. काळ्यावर पांढरं – नाही, पांढऱ्यावर काळं! डोकंच चालेनासं झालंय.

५ एप्रिल, सोमवार

नुरजहाँभाभी घरी येऊन आफियाच्या लग्नाची पत्रिका देऊन गेल्या. छोट्या पुस्तकासारखी, सगळी उर्दूत, सोनेरी. कौतुकाने उघडली, तर पान कोरं. मी म्हटलं, भाभी, छापायचं राहिलं वाटतं. त्या हसायला लागल्या. पत्रिका माझ्या हातात फिरवून दिली. "चारूताई, इकडून उघडायचं. तुमचं शेवटचं पान ते आमचं पहिलं."

त्या गेल्या तशी उठले.

बटरपेपर काढले. आधी दोन नंबर ठेवला, मग एक.

बुटीकवालीने बोलावलंय, विचार करून सांगते.

नाही म्हणून आले. मन शांत झालं.

कोरी पानं तिने वाया घालवली नव्हती. ती अजून लिहायची होती. आणि मी जा म्हणेन, म्हणजे हाकलून देईन असं नव्हतंच ते. तुझं भलं होतंय, माझी काळजी करू नको, जा – असं मी म्हणेन, असं वाटलं होतं तिला! मी असं म्हणाले असते? देवा, मला खरंच ठाऊक नाही.

उद्या दासगाव. पाय धरावे लागले तरी धरीन.

६ एप्रिल

आलिमा नाही. परवाच मुंबईला गेली, त्याच बुटीकमध्ये.

तिची म्हातारी आई दारात होती. माझे दोन्ही हात धरले. "बाय गो, एवढा हाताखालचा माणूस कोण सोडतो? तुझं भलं होतंय, जा, असं तू सांगितलंस म्हणून गेली ती. नायतर जात नव्हती."

म्हातारीने दुवा दिली. मी ती घेऊन आले.