लिनबाईंचा प्रश्न

हॅरो, ९ फेब्रुवारी २०२५

चि. ईरा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आईचा अंत्यविधी होऊन पाच आठवडे झाले. नीट जेवतेस का, एवढं तरी कळव.

आईचा लायब्ररीतला गुरुवारचा इंग्रजीचा वर्ग आता मी घेतो. सगळे चिनी बोलणारे. तू म्हणशील, घरात दिवसाला दहा वाक्यं न बोलणारा माणूस कोणाला काय बोलायला शिकवणार. या वेळी शांत, आदर वाटावा अशा वागण्याचे शब्द होते. डिग्निफाइड म्हणजे ज्याचं वागणं पाहून लोक मान देतात. कम्पोज्ड म्हणजे आतून हललेला, पण स्वतःला सावरून धरलेला. अंत्यविधीला लोक माझ्याबद्दल हेच म्हणाले होते, ते मी उदाहरण म्हणून सांगितलं. तेव्हा वर्गातल्या लिनबाईंनी विचारलं, की सावरलेला माणूस आणि कोरडा माणूस बाहेरून ओळखायचा कसा. तोच प्रश्न मी तुला विचारतो. तुला मी कोरडा वाटलो का?

राग असू दे, पण दोन ओळी लिही.

तुझा,
बाबा

ब्रिस्टल, १४ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

माझा मराठी चुकेल. आई असती तर सुधारला असता.

तुम्ही रडला नाही, त्याचा राग नाही. क्रिमेटोरियममध्ये तिथल्या माणसाने विचारलं, बटण कोण दाबणार. मी पुढे आले होते. तुम्ही मला हाताने बाजूला केलं आणि दाबलं. मला विचारलं पण नाही. नंतर सगळे म्हणत होते, किती डिग्निफाइड. मला वाटलं, मी मुलगी आहे म्हणून. आई माझा पण होती.

अस्थी पण तुम्ही एकटे सोडणार का? ते ऐकायला भीती वाटत होता, म्हणून फोन नाही घेतला.

जेवते. वरण जमतो, भात चिकट होतो.

तुमची,
ईरा

हॅरो, १८ फेब्रुवारी

चि. ईरा हिस आशीर्वाद.

मुलगी म्हणून नाही. बटण दाबलं की पेटी पडद्याआड जाते, हे मला आधी सांगितलं होतं. ते तुझ्या हातून झालं तर जन्मभर तुला आठवत राहील, अशी भीती वाटली. तुला विचारायला हवं होतं. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, म्हणून न बोलता हात पुढे केला. चुकलो.

अस्थिविसर्जनासाठी बोट देणाऱ्यांचा फॉर्म आला होता. अस्थी कोण सोडणार, या रकान्यात तुझं नाव लिहून आज पाठवला. शनिवार, ८ मार्च. मी तुझ्या मागे उभा राहीन. तेव्हा मला रडू आलं, तर आवरू नकोस.

माया आहे तशी राहू दे.

तुझा,
बाबा