डुरकणारा कॉम्प्युटर

आदरणीय फन्याना मामांना,

उमलाझीहून भाचा लुंगिसानी याचा गुडघे टेकून नमस्कार. मामी कशा आहेत, आणि तुमचा खोकला? (औषध वेळेवर घ्या. बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे बघत बसल्याने खोकला जात नाही.) इकडे सगळे बरे आहेत, फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही.

थोलाकेलेताईचं लग्न मी मोडलं, असं आईने तुम्हाला कळवलंच असेल. साफ खोटं! मी फक्त एक आवाज तयार केला. मामी ज्वारीची बियर गाळतात ना, तशी कॉम्प्युटरमध्ये सुरालाही गाळणी असते. बाकीचे लोक ती सावकाश उघडमीट करतात, मग सूर वाँव वाँव करतो. मी ती सेकंदाला शंभरदा, म्हणजे सुराच्याच वेगाने उघडमीट करायला लावली. एवढ्या वेगात गाळणीची हालचाल वेगळी ऐकूच येत नाही, सुराचाच घसा खरखरीत होतो. टॅक्सीतल्या मोठ्या स्पीकरमधून पोटात घुसेल असा आवाज, मामा! तो मी शनिवारी सकाळी मागच्या खोलीत दार उघडं टाकून पूर्ण जोरात लावला. नेमके तेव्हाच शेझींकडचे तिघे थोलाकेलेला मागणी घालायला येऊन, रीतीप्रमाणे फाटकाबाहेर आमच्या सेले घराण्याची बिरुदं ओरडत होते आणि घरचे, रीतीप्रमाणेच, ऐकू न आल्याचं सोंग करून चहा पीत होते. मला कोणी सांगितलं होतं? (सांगितलं होतं. मी हेडफोन लावून मान हलवली होती.)

म्हातारे शेझीबाबा बिरुद अर्धं सोडून थांबले. "अहो, बैल डुरकतोय! दुसऱ्या कुणाची देजाची गुरं मुलीसाठी आधीच येऊन पोचलीत, आणि आम्ही इथे घसा फोडतोय?"

बाबा चहा सोडून धावले. "बैल नाही हो, कॉम्प्युटर आहे तो!"

"सेले, साठ वर्षं गुरं राखलीत मी. मला बैल शिकवू नका." आणि गाडीत बसून गेले.

आता बाबा म्हणतात, आवाज पुसून टाक आणि माफी माग. कसली माफी? साठ वर्षं गुरं राखलेला माणूस फसला, याला गुन्हा म्हणतात का? मी पुसणार नाही! आईने जेवण बंद केलं तरी नाही. (केलंय. शेजारच्यांकडे मक्याचा पुथू आणि आंबट दूध खातो.) माझ्या कलेपुढे शेझी काय, सगळं उमलाझी उभं राहिलं तरी मी हटणार नाही.

तुमचा न वाकणारा भाचा,
लुंगिसानी

ता.क. शेझी येत्या शनिवारी परत यायला तयार झालेत. अट एकच: तो आवाज कॉम्प्युटरमधून निघताना शेझीबाबांना समोर बसून ऐकायचाय. नाही निघाला, तर लग्न कायमचं मोडलं.

ता.क. २. आवाज मी त्याच दुपारी पुसला. थोलाकेले दारात येऊन उभी राहिली, नुसती रडली. मला बघवलं नाही. आता तीन दिवस बटणं फिरवतोय, कधी माशी निघते, कधी पत्र्याचा डबा. बैल काही परत येत नाही.

ता.क. ३. लहानपणी तुम्ही कुडामागून बैलासारखे डुरकून आम्हा दोघांना पळवायचात. शुक्रवारीच या. खोलीत पडदा लावलाय, मागे खुर्चीही ठेवलीये. मी बटण दाबलं की डुरकायचं. आणि मामा, मूळ आवाज जरा घोगरा होता, तेव्हा ते औषध शनिवारपर्यंत अजिबात घेऊ नका.