तांबी खात नाही

२० फेब्रुवारी १९३८, रविवार. बदनापूर

भुंग्या गेला. गेला कसला — मारला! आमच्याच अंगणात, आम्हीच बोलावून आणलेल्या माणसाने, सुई टोचून. माझा अजून विश्वास बसत नाही. गेल्या रविवारी माझी चप्पल तोंडात धरून हा विहिरीभोवती पळत होता आणि मी मागून शिव्या देत होते!

चार दिवस लाळ गळत होती. तोंड सुजलेलं. पाणी पुढे ठेवलं की हुंगायचा आणि मागे सरायचा. काल ह्यांनी मानेला धरून बाहेर ओढला, तर वळून धोतरच फाडलं. झालं! सासूबाई ओरडल्या, "पिसाळलं! पिसाळलं ते!" ह्यांनी स्टेशनातूनच जालन्याला तार केली. जनावरांचे डॉक्टर आज दुपारच्या गाडीने आले. लांबूनच पाहिलं त्यांनी. पिसाळलेल्या कुत्र्याला हात कोण लावणार? स्टेशनावरच्या हमालाने घोंगडी टाकून दाबून धरला. मी आत पळाले, कानांवर हात घेतले. तरी ऐकू आलंच.

तांबीला न्हाणीत कोंडलं होतं. त्याची बहीण ती, एकाच वेताची. आतून दार ओरबाडत होती. डॉक्टर जाताना म्हणाले, "हिच्यावर पण नजर ठेवा. खाणंपिणं सोडलं की बिलकुल वाट बघू नका, कळवा."

कळवा म्हणजे काय, ते मला समजलं.

२१ फेब्रुवारी

तांबी घरभर हुडकते आहे. खाटेखाली, चुलीमागे, कोळशाच्या खोलीत. मग दारात येऊन बसते, माझ्या तोंडाकडे बघते. जसा काही मीच कुठे दडवून ठेवलाय तिचा भाऊ!

साळूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "तिला दावलं न्हाई का त्याला? दावायचं असतं, बाई. वास घेतला असता, मंग समजून गेली असती. आता हुडकूनच राह्यली बघा." काल कुणी सांगितलं असतं तर! आता त्याला कडुनिंबाखाली पुरून वर दगड रचलेत.

२३ फेब्रुवारी

भुंग्याचं गोणपाट सासूबाईंनी जाळलं. लाळ होती म्हणे त्यावर. बरोबरच आहे. पण तांबी त्या राखेत जाऊन अंगाचं वेटोळं करून निजली, आणि माझं डोकं फिरलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासूबाईंपुढे आज पहिल्यांदा आवाज चढवला.

संध्याकाळी तिला मालधक्क्यापर्यंत फिरवून आणलं. दोघं तिथे जायची, त्याच वेळेला. रोज नेणार. दिवसाची घडी मोडली नाही तर मन लवकर ताळ्यावर येतं. माणसाचं येतं, मग तिचं का नाही?

२५ फेब्रुवारी

अर्धी भाकरी खाल्ली! दुधात कुस्करून, माझ्या हातून. दुधाबद्दल सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही.

२८ फेब्रुवारी

पुन्हा सगळं बंद. दूध तोंडात घेते आणि बाजूने सांडून टाकते. लाळ गळते. मी पदराने पुसली, तर हे अंगावर धावून आले, "हात लावू नकोस! त्याचं पण असंच सुरू झाल्तं."

मी म्हटलं, झुरतेय ती. आठ दिवस बघतेय मी. भाऊ गेलाय तिचा.

"झुरल्यानं लाळ गळते का?"

ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून भांडताही येईना. उद्या तार करणार.

१ मार्च

तार गेली. डॉक्टर उद्या येणार. तांबी न्हाणीत, बाहेरून कडी.

दुपारी हे ड्युटीवर गेले. मी कडी काढली आणि आत जाऊन बसले. चावली तर चावली! निरोप न घेता दुसऱ्यांदा मी कुणाला जाऊ देणार नव्हते. तांबी सरपटत आली, मांडीवर डोकं ठेवलं. मी मान खाजवायला बोटं घातली, तर केवढ्यांदा किंचाळली! बोटं ओली झाली. रक्त, पू. केस बाजूला केले — आत मांसात रुतलेला दोरा!

चंपाषष्ठीला भंडारा लावून, ओवाळून मीच बांधलेला. खंडोबाचा दोरा कापायचा नाही, आपोआप तुटू द्यायचा, ही आमच्या घरची रीत. तेव्हा ओंजळीत मावत होती ती. ती वाढली, दोरा थोडाच वाढणार! केसांत दिसेनासा झाला, आणि आम्हाला वाटलं, तुटून पडला असेल.

मी कात्री कात्री म्हणून ओरडले. सासूबाईच घेऊन आल्या. दोरा बघून त्यांनी कात्री माझ्या हातात कोंबली. "काप गं. जल्दी काप. देवाचं मी बघून घेते."

थोड्या वेळाने तांबी पाणी प्यायली! वाटी चाटूनपुसून रिकामी केली. सासूबाईंनी आणखी ओतलं. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. पिसाळलेली नाही! माझी तांबी पिसाळलेली नाही!

२ मार्च

डॉक्टरांनी जखम धुऊन मलम लावलं. मग तो दोरा चिमटीत धरून विचारलं, "दोघांनाही बांधला होता?"

सासूबाई उठून आत गेल्या. मी हो म्हटलं. त्याला आधी बांधला होता. फार वळवळत होता, म्हणून जरा घट्ट.